हरकती व सूचना

मामांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या आणि मामा एकच. दुसरी खुर्ची धाकट्या भावाची. तो फार पूर्वी जहाजावरच्या लोकांचे केस कापायला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. "ती खुर्ची काढा आणि तिथे बाकडं टाका," असं मामी अधूनमधून म्हणत. पण नंबर लागेपर्यंत ज्याला बोलायची खुमखुमी असे तो नेमका त्याच खुर्चीत बसे, पायाने ढकलून स्वतःला गर्रकन फिरवून घेई आणि जगाचा कारभार सुधारायला लागे. बाकड्यावर बसून एवढी चांगली मतं माणसाला सुचत नाहीत. म्हणून खुर्ची राहिली.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे. मामा हा शब्द मोठा सोयीचा. आईच्या भावाला मामा म्हणतात, आणि ज्याला हातोहात बनवता येतं त्याचाही मामाच होतो. गल्लीने यातला कुठला अर्थ धरला होता ते गल्लीलाच ठाऊक. मामांनी कधी विचारलं नाही, कारण विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कोणी धापा टाकत आत येई, "मामा, गाडी गाठायचीय, माझं आधी उरकता का?" की ज्याचा नंबर असे त्याच्या तोंडाकडे न बघताच मामा म्हणत, "चालेल, चालेल. हरकत नाही, बसा." ज्याचा नंबर गेला तो बिचारा पुन्हा पेपरात डोकं घाली. दुसऱ्याच्या नंबरवर उदार होणारा माणूस, असं मामींचं त्यांच्याबद्दल मत होतं आणि ते त्या चारचौघांत सांगत.

दुकान कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर. तारखेला जाण्याआधी माणसाला दाढी करून जावंसं वाटतं. हरायचंच असलं तरी गुळगुळीत गालांनी हरावं असं काहीतरी मनात असणार. त्यामुळे सकाळच्या वेळी पक्षकार, दुपारी वकील आणि संध्याकाळी वकिलांचे कारकून अशी गिऱ्हाइकी चाले आणि बोलणं दिवसभर एकच. अमुक न्यायाधीश ऐकून घेतात, तमुक ऐकता ऐकता पेंगतात, तिसरे फक्त घड्याळ ऐकतात. यात सगळ्यात मोठा आवाज हेडमास्तरांचा. ते निवृत्त होऊन जमाना लोटला होता, डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, तरी आठवड्यातून दोनदा येत आणि भावाच्या खुर्चीत बसून गरजत. "न्यायाधीश नेमताना आपल्याला कोणी विचारतं का? त्यांना नेमतात तिकडे वर, आणि निकाल लागतो आपला!" दुकान हसे. मामाही हसत, कात्री मानेपासून लांब धरून.

मग एक दिवस मामांच्या स्वतःच्याच घरातली केस त्या कोर्टात गेली, आणि मामांचं हसणं कमी झालं.

मामांना एकच लेक. दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर कामाला. तिचं आणि नवऱ्याचं पटलं नाही. न पटण्याची कारणं जगभर असतात तीच होती, ती उगाळण्यात अर्थ नाही. ती मुलीला घेऊन माहेरी आली. मुलगी तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती, तिला सगळे बिट्टी म्हणत. एका सुट्टीत जावई आला, गोड बोलला, "चार दिवस आत्याकडे नेतो, आत्याला भेटायचंय तिला," म्हणाला. दारात मामा उभे होते. त्यांनी बिट्टीच्या बुटांचे बंद बांधून दिले. ते चार दिवस काही संपले नाहीत.

लेकीने मुलीचा ताबा मागितला. ताबा हा शब्द मामांना सुरुवातीपासून खटके. ताबा घराचा घेतात, जागेचा घेतात. पोरीचा काय ताबा घ्यायचा? पण कोर्टात तोच शब्द चालत होता. आणि ज्या साहेबांपुढे तो चालत होता ते साहेब हंगामी होते, म्हणजे नेमणूक झालेली पण अजून कायम न झालेली.

साहेब अंगाने किरकोळ, आवाजाने मऊ. कोणावर खेकसल्याचं कोणाला आठवत नाही. मामा लेकीबरोबर प्रत्येक तारखेला जात, मागच्या बाकावर बसत आणि बघत. जावयाचा वकील उठे. कधी त्याला दुसऱ्या कोर्टात काम असे, कधी जावयाची पाठ धरलेली असे, कधी एखादा कागद यायचा राहिलेला असे. तो मुदत मागे. साहेब चष्मा काढत, पुसत, पुन्हा घालत आणि म्हणत, "बरं. पुढची तारीख." लेकीची वकीलबाई उठून बोले, साहेब तिचंही सगळं ऐकत, मान डोलावत आणि म्हणत, "बरोबर आहे तुमचं. पुढच्या तारखेला नक्की घेऊ." एकदा तर त्यांनी शिपायाला सांगून मामांना पंख्याखाली बसवलं. अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? मामांना तो नीट करता येईना. आणि मला विचाराल तर अशी माणसंच जास्त घातक. नाही म्हणता न येणं हा अवगुण सलूनमध्ये खपून जातो, खुर्चीत बसलेल्याचा फार तर थोडा वेळ जातो. पण तीच खोड न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली की समोरच्याचं आयुष्य जातं, आणि कोणाच्या हातात सुरासुद्धा दिसत नाही.

सुरुवातीला महिन्यातून एक तास भेट ठरली होती, कोर्टातल्याच एका खोलीत. तिथे एक रंग उडालेला झुलता घोडा होता आणि कोपऱ्यात एक बाई विणकाम करत लक्ष ठेवायची. लेक तासभर आधी जाऊन बसे. मग जावयाच्या वकिलाने सांगितलं की भेटीहून आली की मुलीला ताप भरतो. साहेब म्हणाले, "पोर आजारी पडायला नको. पुढच्या तारखेपर्यंत भेट थांबवू." पुढच्या तारखेला दुसऱ्याच कुठल्या अर्जावर बोलणं झालं. भेट थांबली ती थांबलीच.

तेवढ्यात ती बातमी आली. आणली वकिलांच्या कारकुनाने, तीही तोंडाला फेस लावलेला असताना. "मामा, तुमच्या साहेबांचं कायम व्हायचं निघालंय. पण यंदा नवा नियम आहे. कायम करण्याआधी लोकांना विचारणार. बोर्डावर नोटीस लागलीय, नागरिकांच्या हरकती व सूचना. भर सभेत, माइकवर."

हेडमास्तरांची खुर्ची फिरता फिरता थांबली. "काय सांगतोस? लोकांना?"

"लोकांनाच. समिती बसणार आहे."

"अरे, हेच तर मी किती वर्षं सांगतोय!" हेडमास्तर उभेच राहिले. जणू नियम त्यांनीच केला होता.

वकीलबाईने नियम नीट वाचला आणि लेकीला आणि मामांना समोर बसवून समजावला. ती तरुण होती, भरभर बोलायची. "ज्याची केस त्या साहेबांपुढे चालू आहे त्याला बोलता येणार नाही, म्हणजे ताई, तुम्ही बाद. वकील विरुद्ध बोलणार नाहीत, त्यांना रोज तिथेच उभं राहायचंय. मीही नाही बोलणार, खोटं कशाला सांगू. पण ज्याने ते कोर्ट स्वतः बघितलंय असा कोणीही नागरिक बोलू शकतो. पक्षकाराचा बाप पक्षकार नसतो. मामा, तुम्ही बोलू शकता."

"माझ्या एकट्याच्या बोलण्याने काय व्हायचं?" मामांनी विचारलं.

"एकच पुरते. डोळ्यांनी पाहिलेली एक हरकत नोंदली गेली तरी चौकशी लावावीच लागते, आणि चौकशी संपेपर्यंत कायम करता येत नाही. मग इथे दुसरे न्यायाधीश येतील. शेजारच्या गावी एक अंडी विकणारी बाई दोन वाक्यं बोलली, पुढच्या महिन्यात तिथला माणूस बदलला." मग ती जरा थांबून म्हणाली, "आणि साहेब कायम झाले तर ताई, तुमची केस त्यांच्याकडेच राहील. ते निवृत्त होईपर्यंत."

 लेक बापाकडे फक्त बघत राहिली.

दुकानात उत्साहाला उधाण आलं. हेडमास्तर येणार, चष्म्याच्या दुकानवाला येणार, झेरॉक्सवाला तर म्हणाला, "मामा, मी दुकान बंद ठेवून येतो. माझ्या भावाची केस याच साहेबांपुढे सडतेय." सगळे खुर्चीत बसून येणार होते.

तयारी लेकीने करून घेतली. दुकान बंद झाल्यावर ती मामांना आरशासमोर उभं करी आणि म्हणायला लावी. मामा म्हणत, "साहेब स्वभावाने वाईट नाहीत…"

"बाबा, हे कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"तुम्ही हरकत घ्यायला चाललात, दाखला द्यायला नाही. सरळ सांगा. साहेब निकाल देत नाहीत. माझ्या नातीची भेट थांबवली ती पुन्हा सुरू केली नाही. त्यांना कायम करायला माझी हरकत आहे. बस."

"माझी हरकत आहे," मामा आरशाला म्हणत. पहिल्या दिवशी ते इतकं हळू निघालं की मामी मागून म्हणाल्या, "आरशाला तरी घाबरू नका." मग रोज थोडं मोठ्याने निघू लागलं. शेवटी शेवटी तर केस कापतानाही ते ओठातल्या ओठात पुटपुटत. कानाशी असं काही ऐकून एक गिऱ्हाईक दचकून विचारता झालं, "कशाला हरकत? बारीकच करायला सांगितलेत ना मी?"

सभेच्या दिवशी मामांनी स्वतःची दाढी दोनदा केली. लेकीला रजा मिळाली नाही, म्हणून मामी बरोबर निघाल्या. सभागृह मोठं, खुर्च्या भरपूर आणि माणसं पुढच्या दोन रांगांपुरती. त्यातही बरेचसे वकील, साहेबांबद्दल चांगलं बोलायला आलेले. झेरॉक्सवाल्याचं मशीन नेमकं त्या सकाळी बिघडलं होतं. चष्मेवाल्याने निरोपही पाठवला नाही. हेडमास्तर मात्र आले होते, कडक इस्त्रीचे कपडे घालून, आणि पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना बघून मामांना धीर आला.

मंचावर तिघं. मधे अध्यक्ष म्हणून एक पिकल्या केसांच्या बाई, एका बाजूला एक प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला आणखी कोणीतरी. खाली टेबलाशी एक टंकलेखक कानाला यंत्र लावून बसलेला, माइकवर येईल ते टिपत होता. वकील एकामागून एक उठले. साहेब शांत आहेत, संयमी आहेत, कोणाला दुखावत नाहीत. सगळं खरं होतं. मामा प्रत्येक वाक्याला नकळत मान हलवत होते, मामींनी कोपराने ढोसेपर्यंत.

मग हेडमास्तरांचं नाव पुकारलं. ते माइकपाशी गेले, घसा खाकरला आणि विचारलं, "हरकत आणि सूचना यातलं मला सूचना या सदरात बोलता येईल का?" येईल, असं उत्तर मिळाल्यावर त्यांना जो चेव आला तो पुढे बराच वेळ उतरला नाही. लोकशाही म्हणजे काय, जुन्या काळी लोक न्यायासाठी कुठे जात, आताच्या मुलांचं वाचन, कोर्टाच्या आवारात पिण्याच्या पाण्याची सोय, बाकांना पाठ असावी की नसावी. साहेबांचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. बाकांना पाठ असावी या सूचनेवर टाळ्या पडल्या. किती वर्षं वाट पाहिल्यावर माणसाला माइक मिळाला होता, तो कशाला सोडतोय! परत येताना त्यांनी मामांचा खांदा थोपटला. "तुमच्यासाठी वातावरण तयार करून ठेवलंय."

त्यानंतर मामांचं नाव आलं. ते उठले, माइकपाशी गेले. नाव सांगितलं, धंदा सांगितला. वाक्यं तयार होती, अगदी जिभेच्या टोकावर. त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं.

"काका, तुम्ही सकाळपासून बसलायत, मी बघतेय," बाई अगदी मायेने म्हणाल्या. "तुमचं आम्हाला घाईघाईत नाही ऐकायचं, नीट ऐकायचंय. आता जेवणाची सुट्टी होतेय. दुपारी पहिल्यांदा तुम्हालाच घेतलं तर चालेल ना?"

एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने मामांना आजवर कधी काही विचारलं नव्हतं, आणि इतक्या अदबीने तर कोणीच नाही. मामा माइककडे वाकले.

"हरकत नाही," ते म्हणाले.

खणखणीत. इतक्या दिवसांच्या सरावाने आवाज चांगलाच सुटला होता.

दुपारी बाई आल्याच नाहीत. त्यांना दुसरीकडून बोलावणं आलं म्हणे. त्यांच्या खुर्चीत प्राध्यापक सरकले आणि टपालाने आलेल्या सूचना वाचायला लागले. मामा हात मांडीवर ठेवून बसले होते.

"तुमचं नाव का घेत नाहीत?" मामींनी विचारलं.

"घेतील. बाईंनी सांगितलंय."

"बाई कुठायत पण? उठा, हात वर करा."

"मधेच कसं उठायचं? त्यांचं वाचन चाललंय."

वाचन संपलं. प्राध्यापकांनी सगळ्यांचे आभार मानले आणि सुनावणी संपल्याचं सांगितलं. खुर्च्या सरकल्या. मामा तेव्हा कुठे उठले आणि टंकलेखकाच्या टेबलाशी गेले.

"माझं राहिलं."

त्याने नाव विचारलं, पडद्यावर बोट फिरवलं. "राहिलं कुठे? झालंय की. 'व्यवसाय केशकर्तन. हरकत नाही.'"

मामांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते टेबलाला धरून उभे राहिले. "अहो, ते तसं नव्हतं. बाईंनी विचारलं, जेवणानंतर चालेल का. त्याला म्हणालो मी हरकत नाही. माझी हरकत आहे!"

"बाईंसमोर माइक नव्हता, त्या तशाच बोलल्या," टंकलेखक म्हणाला. तो उर्मट नव्हता, फक्त यंत्राची वायर गुंडाळत होता. "माइकवर तुम्ही बोललात तेवढंच येतं. आणि आता सुनावणी बंद झालीय. दुरुस्ती हवी तर लेखी द्या."

मामी तोवर मंचाकडे धावल्या होत्या. पण प्राध्यापक मागच्या दाराने निघून गेले होते आणि शिपाई दिवे मालवत होता.

संध्याकाळी लेक कामावरून आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "बोललात?"

मामांनी सांगितलं. काहीही न लपवता, जसं झालं तसं. लेक हसली. आधी थोडं, मग पुष्कळ, मग अशी की मामी घाबरल्या. "अगं, पुरे!"

"आई, तू थांब," लेक म्हणाली. डोळे पुसले आणि मामांकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझं लग्न ठरवताना ते लोक म्हणाले होते, शिक्षण राहू दे, लवकर उरकू. तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात, बाबा."

घरात कोणी जेवलं नाही. मामांना वाटलं की पोरीने ओरडावं, हातातलं काही फेकावं. तिने चप्पल काढून जागेवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे इस्त्री करायला घेतले. तिच्या पाठीकडे बघताना मामांना जे वाटलं त्याला लाज हा शब्द फार छोटा पडतो.

वकीलबाईने दुरुस्तीचा अर्ज केला. तिलाही ऐकून आधी हसू फुटलं आणि मग तिने तोंड फिरवलं. समितीचं उत्तर मुदतीत आलं, भाषाही सभ्य होती. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं, अर्जदाराने 'हरकत नाही' असंच म्हटल्याचं आढळलं, सबब नोंद बरोबर आहे. यात चूक कुठे काढणार? आवाज मामांचा, शब्द मामांचे.

साहेब कायम झाले. पेपरात बातमी आली की या नव्या पद्धतीमुळे जनतेला प्रथमच आपलं मत मांडता आलं, एकही हरकत आली नाही, आणि छोट्या व्यावसायिकांनीही साहेबांवर विश्वास दाखवला. शेजारी फोटो होता, माइककडे वाकलेल्या मामांचा. गल्लीतल्या कोणीही बातमी धड वाचली नाही, फोटो मात्र सगळ्यांनी पाहिला. "मामा, गाजलात की!" म्हणत लोक आत येत. झेरॉक्सवाल्याने तो फोटो मोठा करून आणून दिला, फुकट. मामांनी तो घडी करून कपाटाखाली सारला. हेडमास्तर भावाच्या खुर्चीत बसून सांगत की सभा छान झाली, पण लोकांनी आणखी मोठ्या संख्येने यायला हवं होतं. मामा त्यांच्या मानेवरून मशीन फिरवत राहिले. हेडमास्तरांना गप्प बसवण्याएवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आधीही नव्हतं.

वकीलबाई हट्टाला पेटली. केस दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्या म्हणून तिने वर अर्ज टाकला. जावयाच्या वकिलाने उठून काही युक्तिवाद केला नाही, फक्त पेपरचं कात्रण पुढे केलं. "अर्जदाराच्या वडिलांनीच जाहीर सभेत साहेबांबद्दल समाधान व्यक्त केलेलं आहे." अर्ज तिथल्या तिथे निकालात निघाला. केस पुन्हा साहेबांपुढे आली, आणि त्या तारखेला साहेबांनी चष्मा पुसता पुसता मागच्या बाकाकडे पाहिलं, ओळखीचं हसले आणि म्हणाले, "काका, उभे का? बसा ना." त्यांच्या मनात मामांबद्दल खरीच कृतज्ञता असावी. मामा बसले.

तारखा पुढेही पडत गेल्या. वकीलबाईला मूल झालं, ती मोठ्या शहरात निघून गेली, दुसरा वकील आला, त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. लेकीच्या केसांत पांढरी बट दिसायला लागली. मामांच्या हाताला कंप सुटला. वस्तरा त्यांनी सोडून दिला, नुसती कात्री आणि मशीन ठेवलं. तारखेआधी दाढी करायला येणारे पक्षकार मग दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. मामी म्हणत, "आता तरी ती एक खुर्ची काढा." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

आणि शेवटी, निवृत्तीला आलेल्या साहेबांनी टेबल मोकळं करायचं ठरवलं म्हणून असेल, एका तारखेला ते म्हणाले, "मुलीला घेऊन या. मी तिच्याशी बोलतो."

बिट्टी आली. तिला आता कोणी बिट्टी म्हणत नसावं. ती आत्याएवढी उंच झाली होती, पाठीला दप्तर होतं, चालणं थेट लेकीसारखं. साहेब तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. बाहेर आले तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा चेहरा ठाम दिसत होता. निकाल त्यांनी त्याच दिवशी सांगितला. मुलगी वडिलांकडे इतकी वर्षं राहिली आहे, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिची आत्या, सगळं तिथेच आहे. तिला तिथून उपटून ज्या घराची तिला आठवणही नाही अशा घरी पाठवणं तिच्यावर अन्याय ठरेल. आईला वाटेल तेव्हा भेटता येईल.

मामा मागच्या बाकावरून ऐकत होते. ते साहेबांच्या जागी असते आणि ती पोर त्यांच्यासमोर बसली असती, तर त्यांनी हेच सांगितलं असतं. निकाल बरोबर होता. आज तो बरोबर होता. इतकी वर्षं थांबून थांबून साहेबांनी तो बरोबर करून आणला होता, आणि त्या थांबण्याला मामांचा आवाज लागला होता. वर कुठे जायचं, कोणाकडे मागायचं, काय मागायचं, असं आता काहीच शिल्लक नव्हतं. बरोबर निकालावर हरकत कशाची घेणार?

बाहेर व्हरांड्यात लेक कठड्याला धरून उभी होती. तोंडातून आवाज नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. मामी तिची पाठ चोळत होत्या. मामा दोन पावलांवर उभे राहिले, कारण जवळ जाण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही हे त्यांना कळेना. पलीकडे आत्या मुलीला "चल, चल" करत होती. पण मुलगी थांबली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती आपण होऊन इकडे आली. पोर वळणाची होती, चांगल्या घरात वाढलेली, हे नंतर मामींनीही कबूल केलं. तिने दप्तराच्या कप्प्यातून स्वच्छ रुमाल काढला आणि आपल्या आईपुढे धरला.

"घ्या ना," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही रडू नका."